ट्रेबाई

सकाळी आठला ड्यूटी बदलली की आमच्या बाई इमर्जन्सीचा ट्रे उचलायच्या आणि टेबलावर सरळ उपडा करायच्या. टेबलावर जुनी चादर चौपदरी घातलेली असायची, त्यामुळे काच फुटायची नाही. पण पंचवीस-तीस ॲम्प्यूल एकमेकींत मिसळल्या की घरी निघालेल्या रात्रपाळीच्या पोरीच्या कपाळाला आठी पडायचीच. ‘लाव आता,’ बाई म्हणायच्या. लावायचं म्हणजे नुसतं ओळीनं मांडायचं नाही. एकेक ॲम्प्यूल हातात घ्यायची, लेबल वाचायचं आणि मोठ्यानं चार गोष्टी सांगायच्या: नाव काय, ताकद किती, कुठून द्यायचं, किती वेळात द्यायचं. एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर केसपेपरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावून बघायची आणि हसायची. वॉर्डबॉयपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मागून ट्रेबाई म्हणायचे. मीही म्हणायचे.

या ट्रेबाईंच्या नावावर एक माणूस मारल्याचा ठपका आहे. तो कागदावर आहे, आणि कागदापेक्षा वाईट म्हणजे त्या माणसाच्या बायकोच्या मनात आहे. बाईंनी कुणालाही मारलं नव्हतं. हे नक्की ठाऊक असलेली माणसं दोनच, एक आमचे साहेब आणि दुसरी मी. हे लिहायला बसले तेव्हा बाईंचं कौतुक करायचं असं मनाशी ठरवलं होतं. दोन पानं फाडून टाकल्यावर कळलं की कौतुक करायचा हक्क मला उरलेला नाही. तरी लिहिते आहे.

आमचं रुग्णालय तीस खाटांचं. चिखलीहून जीपनं पाऊण तास, एस.टी.नं एस.टी.च्या मर्जीप्रमाणे. डॉक्टरांच्या दोन जागा, त्यातली एक कायम रिकामी. म्हणजे साहेब मीटिंगला गेले की दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि साहेबांना मीटिंगा फार. अशा वेळी पेशंट आला की तो बाईंच्या पदरात पडायचा. बाई अंगानं आडव्या, चालायला भरभर, केस तेल लावून चापून बसवलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. लग्न केलं नव्हतं. माहेर नांदुऱ्याकडचं, धाकटा भाऊ खामगावात. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढ्या पोरी शिकवल्या, पण एकीचंही तोंडावर कौतुक केलं नाही. फार खूश झाल्या तर ‘बरं हाये’ म्हणायच्या.

मी लागून महिना झाला असेल. एका म्हाताऱ्याला जखमेसाठी इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी वाजायला लागली. मी शिकलेली होते. ॲड्रेनॅलिन भरलं आणि त्याच्या हाताच्या शिरेत लावलेल्या सुईकडे वळले. बाईंनी मागून येऊन माझं मनगट धरलं. ‘कुठी चालली वं? मांडीत दे. बाहेरच्या अंगाले, अर्धा मिली. हे असंच्या असं शिरेत ढकलशील तं म्हाताऱ्याचं काळीज जागीच बंद पडीन.’ मी मांडीत दिलं. मग मी अंगाची खाज थांबवणारं इंजेक्शन शोधायला लागले तर म्हणाल्या, ‘आधी ॲड्रेनॅलिन, मंग बाकीचे देव. तू पहिले त्याचे पाय वर कर.’ दहा-पंधरा मिनिटांनी म्हातारा उठून बसायची घाई करायला लागला आणि चहा मिळेल का म्हणून विचारू लागला. मी कोपऱ्यात जाऊन रडले. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘रडाचं असन तं केसपेपर लिहून झाल्यावर रड.’

पोटॅशियमला त्या ट्रेत जागा नव्हती. त्याचा डबा वेगळ्या कपाटात, लाल चिंधी बांधलेला, आणि ते काढायचं तर दोघींनी मिळून काढायचं. एका नव्या पोरीनं आवराआवरीत पोटॅशियमची एक ॲम्प्यूल इंजेक्शनच्या पाण्याशेजारी ठेवली, तेव्हा बाई जेवणाचा डबा उघडा टाकून उठल्या होत्या. ‘दिसाले दोघी बहिणी-बहिणी. एकीनं औषध पातळ होते, दुसरीनं माणूस जाते,’ म्हणाल्या. त्या पोरीला त्यांनी दिवसभर दोन्ही लेबलं पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावली, शाळेतल्यासारखी. पोरगी चिडून म्हणाली, मी काही पहिलीत नाही. बाई म्हणाल्या, ‘पहिलीतल्या पोराच्या हातून कोनी मरत नाई.’

बाळंतपणात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम द्यायचं तर प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्यावर टकटक करून पाय उडतो का पाहायचा, लघवी किती झाली पाहायची, मिनिटभर श्वास मोजायचे. हातोडी कधी सापडायची नाही, म्हणून बाई हाताच्या कडेनंच गुडघ्यावर मारायच्या. एका बाळंतिणीच्या सासूनं एकदा विचारलंच, ‘बाई, माह्या सुनेले झटके आले, गुडघ्याले काऊन मारता?’ बाई म्हणाल्या, ‘पाय उडला तं औषध देतो, नाई उडला तं थांबतो. तुमची सून सांगू शकत नाई ना, तिचा गुडघा सांगते.’ सासूला ते एवढं पटलं की पुढच्या डोसला तिनंच सुनेचा गुडघा उघडा करून ठेवला.

पण साहेबांना बाईंचा राग यायचा तो वेगळ्याच सवयीचा. साहेब फोनवर औषध सांगायचे. सांगून झालं की बाई म्हणायच्या, ‘परत सांगते, साहेब.’ मग ऐकलेलं सगळं शब्दन्‌शब्द परत म्हणायच्या आणि समोरून ‘हो’ आल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. मग केसपेपरवर वेळ, साहेबांचं नाव, त्यांचे शब्द आणि खाली सहीसाठी एक रिकामी ओळ. साहेब आले की केसपेपर घेऊन मागे. ‘सिस्टर, मी काय कोर्टात उभा आहे का?’ साहेब वैतागायचे. सही कधी दुसऱ्या दिवशी व्हायची, कधी आठवड्यानं, कधी व्हायचीच नाही. मी एकदा म्हटलं, बाई, जाऊ द्या ना, एवढं काय त्या सहीचं. तर म्हणाल्या, ‘सही नसन तं म्या माह्या मनानंच देल्लं असं होते, पोरी.’ तेव्हा आम्ही त्यांची नक्कल करायचो. ‘परत सांगते, साहेब,’ म्हणत एकमेकींकडे मीठ मागायचो.

आमच्याकडे पावसाळ्याचा मधला काळ म्हणजे फवारणीचा. कपाशी कमरेला आली की पाठीवर पंप घेऊन माणसं दिवसदिवस त्या विषाच्या धुक्यात चालतात. वारा फिरला, पंप गळका निघाला, की संध्याकाळपर्यंत एखादा दवाखान्यात येतोच: तोंडाला लाळ, अंगाला घामाच्या धारा, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत पाणी भरल्यागत घरघर. त्याला ॲट्रोपिन लागतं, आणि ते एक-दोन देऊन भागत नाही. तीन-चार ॲम्प्यूल द्यायच्या, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, ओली असेल तर दुप्पट, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. बाई सांगायच्या, ‘डोयाची बाहुली नको पाहू, थे फसवते. छाती आयक, नाडी मोज. छाती कोरडी झाली का थांब. गडी चादर चिवडू लागला, बडबडू लागला, तं जास्त झालं समज.’ एका माणसाला पन्नास-साठ ॲम्प्यूल लागलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. आणि ट्रेमध्ये किती असाव्यात याचा वरून आलेला तक्ता भिंतीवर होता. त्यात लिहिलं होतं, दहा.

म्हणून बाईंचा एक डबा होता. पेढ्याचा, पत्र्याचा, झाकणावर फुलं. पेशंटच्या नातेवाइकांना बाहेरच्या मेडिकलमधून ॲट्रोपिन आणायला सांगावं लागायचं. माणूस बरा झाला की उरलेल्या ॲम्प्यूल ते आमच्याकडेच सोडून जायचे. घरी नेऊन काय करणार? त्या सगळ्या बाई त्या डब्यात ठेवायच्या, मुदतीप्रमाणे लावून. दर पोळ्याच्या आधी डबा भरलेला असला पाहिजे हा त्यांचा नेम. त्या डब्यानं किती माणसं घरी पाठवली ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, कारण डबाच रजिस्टरमध्ये नव्हता.

बाईंवर ठपका आला त्या वर्षी तपासणीला जिल्ह्याहून एक मॅडम आल्या. आम्ही आठवडाभर फरशा घासल्या होत्या. मॅडमनी ट्रे पाहिला, तक्त्याशी ताडला, ॲट्रोपिन दहा पाहिजे, दहा आहेत, खूण केली आणि पुढं निघाल्या. मला राहवलं नाही. मला वाटलं, आमच्या बाई एवढं करतात, कुणाला दिसतच नाही. मी म्हटलं, ‘मॅडम, आमच्याकडे जादाही आहेत,’ आणि कपाट उघडून तो फुलांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. मॅडमच्या मागे उभ्या राहून बाई मान हलवत होत्या. मला तो संकोच वाटला. मी झाकणही काढलं.

‘याची नोंद कुठं आहे?’ मॅडमनी विचारलं. नोंद नव्हती. नोंद नसलेला औषधसाठा ही गंभीर बाब निघाली. डबा जप्त झाला आणि आतला माल नष्ट करावा असा शेरा पडला. दवाखान्याचे गुण कापले गेले म्हणून साहेब लालेलाल झाले. बाईंना मेमो मिळाला आणि वर एक आदेश निघाला: यापुढे इमर्जन्सी ट्रे तक्त्याप्रमाणे भरून प्लास्टिकमध्ये सीलबंद ठेवावा, सीलवर साहेबांची सही असावी, आणि परवानगीशिवाय तो उघडू नये. म्हणजे तपासणी केव्हाही आली तरी ट्रे भरलेला. बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘तुले वाटलं शाबासकी भेटीन.’ दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला त्या त्या सीलबंद ट्रेपाशी उभ्या राहून प्लास्टिकमधून दिसतील ती लेबलं वाचायच्या. ॲट्रोपिन वाढवून मिळावं म्हणून त्यांनी दोन अर्ज केले. दोन्हीला एकच उत्तर आलं, निकषाप्रमाणे साठा पुरेसा आहे.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. भरदुपारी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून गजाननला आणला. पस्तिशीचा गडी, दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारणी करणारा. पंप पाठीवर गळला होता, सदरा ओलाचिंब, वास असा की आमचेच डोळे चुरचुरले. मागून त्याची बायको शोभा धावत आली, पायात चप्पल नाही. साहेब बुलढाण्याला मीटिंगला. औषधांचं स्टोअर सांभाळणारे फार्मासिस्ट भाऊ त्यांच्यासोबत, आणि स्टोअरची चावी भाऊंच्या खिशात. बाईंनी मला त्याचे कपडे कापून काढायला आणि साबणाच्या पाण्यानं अंग धुवायला लावलं, आणि साहेबांना फोन लावून, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

‘साहेब, फवारणीची विषबाधा. नाडी अठ्ठेचाळीस, छाती भरलेली. ट्रेचं सील फोडते. ॲट्रोपिन किती देऊ?’

‘द्या हो. छाती कोरडी होईपर्यंत देत राहा. मला सारखं विचारू नका, मीटिंग चालू आहे.’

‘परत सांगते, साहेब. ॲट्रोपिन, छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं.’

‘हो म्हटलं ना, सिस्टर!’

मी बाईंच्या शेजारी होते, साबणाच्या पाण्याची बादली घेऊन. फोन माझ्यापासून दोन हातांवर होता. शोभा आणि सोबतची माणसं दारात आकांत करत होती, त्यांना फोनवरचं काही ऐकू गेलं नाही.

बाईंनी वेळ लिहिली, साहेबांचे शब्द लिहिले, सील फाडलं. तीन दिल्या. पाच मिनिटांनी सहा. गजाननची नाडी सत्तरला आली, घरघर कमी झाली, त्यानं डोळे उघडून शोभाकडे पाहिलंसुद्धा. मग ट्रेमध्ये एक उरली होती, ती दिली. गावातल्या मेडिकलमध्ये पळवलेला माणूस चार घेऊन आला, तेवढ्याच होत्या. त्याही दिल्या. मग काही नव्हतं. स्टोअरचं कुलूप तोडायला आम्ही वॉर्डबॉयला लावलं. ते तुटलं तेव्हा आत ॲट्रोपिनचं रिकामं खोकं निघालं. छाती पुन्हा भरायला लागली. बाई नळीनं फेस ओढत होत्या, पिशवीनं श्वास देत होत्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गजानन गेला होता. त्या फुलांच्या डब्यात साठाच्या वर ॲम्प्यूल होत्या. बाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणून मी बोलते: तो डबा असता तर तो माणूस वाचला असता, आणि डबा मी घालवला होता.

इमर्जन्सीत फोडलेल्या रिकाम्या ॲम्प्यूल लगेच फेकायच्या नाहीत, सगळं लिहून, ताडून झाल्यावर फेकायच्या, हा नर्सिंगचा साधा नियम. बाईंनी त्या स्टीलच्या वाटीत ठेवल्या होत्या. साहेब आले तोवर अंगणात शंभरेक माणूस जमलं होतं आणि दोन-चार जणांच्या हातात दगड होते. साहेबांनी गर्दी पाहिली, वाटी पाहिली, आणि वाटी उचलून सगळ्यांसमोर धरली. ‘चौदा! मोजून घ्या. मी तीन सांगितल्या होत्या.’ बाई म्हणाल्या, ‘साहेब, फोनवर तुमी...’ साहेबांनी विचारलं, ‘माझी सही आहे कुठं?’ नव्हती. शोभा रडायची थांबली आणि बाईंच्या हातांकडे बघत राहिली. मला ते बघणं अजून दिसतं.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. आदल्या संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी मुलगी तीन वर्षांची, चिखलीला सासूपाशी. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलेला. ‘हा पुढं पाठवायचा आहे ना?’ त्यांनी एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी समितीनं मला विचारलं, फोनवरचं बोलणं तुम्ही ऐकलं का? मी म्हटलं, ‘मी त्या वेळी पाणी आणायला गेले होते.’ ते टाइप होऊन आलं आणि मी खाली सही केली. डबा दाखवणं ही चूक होती, ती माणसाकडून होते. ही चूक नव्हती.

बाईंना पेशंटपासून काढून दुसरीकडे कचेरीत बसवलं. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, ती त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली. निघताना आम्हा सगळ्यांना हात जोडले आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, ‘लेक कशी हाये?’ मी म्हटलं, बरी आहे. माझी बदली चार महिन्यांत झाली. आज मी स्वतः वॉर्डची इन्चार्ज आहे. मुलींना चार गोष्टी मोठ्यानं म्हणायला लावते, पोटॅशियम वेगळं ठेवते, मांडीत म्हणजे मांडीत. मॅडम, तुम्हाला हे कोणी शिकवलं, असं एकीनं विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मी खामगावला बाईंकडे गेले. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागे भावाचं घर. बाई वाळल्या होत्या. चहा झाल्यावर मी म्हटलं, ‘बाई, मी फोन ऐकला होता.’

‘मले मालूम हाये,’ त्या म्हणाल्या. ‘बादली घेऊन माह्या बाजूलेच तं होती तू.’

मी म्हटलं, मी आता लिहून देते, वर पाठवते. बाईंनी हात झटकला. ‘कागद काय करू? जाळू? थे शोभा मागच्या साली चिखलीच्या स्टँडवर दिसली. तिनं मले पाह्यलं, आन् आपल्या पोराचे डोये झाकले. माह्यापासून.’ मग कपबश्या गोळा करत म्हणाल्या, ‘तिले सांग. म्या सांगतलं तं खोटं वाटते. तू साहेबाच्या बाजूची, तुह्यं खरं वाटीन. एवढं काम कर माह्यं, दुसरं काई नको.’

बाईंनी कधी कुणाकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पुढच्या रविवारी मी गेले. शोभाचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे. ती शाळेत खिचडी शिजवायचं काम करते. तिनं मला लगेच ओळखलं, पदर सावरला, चटई टाकली. ‘तुमी आंघोय घातली होती त्याले,’ म्हणाली. ‘माह्या डोयासमोर. किती जीव लावून धुतलं तुमी. आन् थ्या ट्रेबाईनं सुया टोचू टोचू मारला. म्या त्या दिवशी पाह्यले तिचे हात.’ पोराला हाक मारून तिनं माझ्या पाया पडायला लावलं. चहा केला, कान नसलेले दोन कप बाजूला सारून फडताळातला चांगला कप काढला. मी तोंड उघडलं असतं तर शब्द अडले नसते, मला सगळं पाठ होतं. पण ती माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती तसं माझ्याकडे फार दिवसांत कुणी बघितलं नव्हतं, आणि ते मला सोडवेना. मी चहा प्यायले. पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि निघाले.

जीपची वाट बघत असताना बाईंचा फोन आला.

‘सांगतलं का?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘काय म्हणे?’

‘रडली.’

‘रडू दे तिले. आता मोकळं वाटीन.’ मग त्यांनी विचारलं, ‘माह्यं नाव घेतलं का तिनं?’

‘घेतलं,’ मी म्हणाले. तेवढं एक खरं होतं.

बाई त्याच थंडीत गेल्या. झोपेतच, कुणाला काही करायची वेळ आली नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा भाऊ दारातच बसला होता. म्हणाला, ‘ताईचं शेवटी शेवटी जरा बिघडलंच होतं म्हना ना. दुपारी चिखलीच्या गाडीची वेळ झाली का दार लोटू नाई दे. एक बाई येनार हाये म्हने, पोराले घेऊन. रोज दोन कप चहाचं आधन ठेवे. कोन येनार, थे काई सांगतलं नाई शेवटपर्यंत. तुमाले मालूम हाये का, कोन?’

मी ‘नाही’ म्हणाले.